शिंपल्यांचे वाफे

आमच्या मालकांनी उभ्या जन्मात खडकाला कधी पाणी दिलं न्हवतं. औंदा दिलं. आन् त्यापायी आमच्या घरात जो शिमगा झाला, तो काय सांगावा! ऐका तर खरं.

मी प्रयागबाई. भिगवणच्या खालच्या अंगाला, उजनीच्या पाण्याच्या कडंला आमचं घर हाय. मालकांचं नाव गेणबा. पोरगा दीपक बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात हाय, रोज फटफटीवर जातो-येतो. आन् सून रेश्मा. हे समदं प्रकरण तिच्याच शिंपल्यांचं.

आमची जमीन दोन तऱ्हेची हाय. वर माळाला ऊस, तो बारमाही. खाली गाळपेर. थंडी सरली की धरणाचं पाणी खाली खाली सरकतं, मागं उघडा गाळ राहतो, त्यात आमी कांदा-कलिंगड करतो, ती गाळपेर. पावसाळ्यात पाणी माघारी आलं की जमीन पुन्यांदा पाण्याखाली. सासऱ्यांची ही जमीन धरणात गेली, तवापासनं वर्सातले पाच महिने ती आमची आन् बाकीचे उजनीची.

त्या गाळपेरीच्या येका कोपऱ्याला खडकाळ उतार हाय. दगडाच्या मधी गाळ आन् वर शिंपलेच शिंपले, पाणी हटलं की उन्हात पांढरे पडून चमकतात. तितं कुळव चालत न्हाय, हरळीबी धड उगवत न्हाय, पायात घुसतात ते येगळंच. नवी नवरी व्हते तवापासनं मी त्या कोपऱ्याला शिव्या देत आले. आन् रेश्मानं मागितला तो नेमका कोपरा!

"आबा, तेवढा खडक मला द्या. उन्हाळ्यापुरता."

मालक हसले. "घे की. सातबाऱ्याला नाव लावू का तुझं?"

तिचं शिक्षण लग्नात अर्धं राहिलं व्हतं. दोन्ही लेकरं शाळंला जायला लागल्यावर तिनं बारामतीच्या कॉलेजात पुन्यांदा नाव घातलं, एमएस्सीला. त्यात शेवटाला आपलं आपण कायतरी शोधून लिवायचं असतं म्हणं, त्याला ती प्रबंध म्हणती. त्याची मुदत ह्याच सालापुरती. औंदा झालं तर झालं, न्हायतर समदं पहिल्यापासनं. आन् पहिल्यापासनं करायला तिला कोण सोडणार? दीपक तोंडानं काय बोलत न्हवता, पण माझ्या पोराचं तोंड मला वाचता येतं. तिलाबी येतं.

तर तिनं त्या उतारावर खुट्या मारल्या, सुतळी बांधली आन् सहा चौकोन आखले. त्यातले तीन कलिंगडाच्या अंगाला, तीन पार पल्याड पाण्याकडं. रोज सकाळी भाकऱ्या उरकून तितं जाऊन उकिडवी बसायची. शेजारची तानूबाई लई चावट. ती वरनं वरडली, "प्रयागे, सुनंनं प्लॉट पाडले वाटतं! गुंठ्याला काय भाव लावला?"

"तुला परवडायचा न्हाय," म्या म्हणलं. पण खरं सांगते, मलाबी कोडंच व्हतं. वाळलेल्या शिंपल्यात बघायचं काय? येक दिस ऱ्हावलं न्हाय, चुलीवरचं उतरवलं आन् गेले खाली.

"काय गं, काय हुडकतीस? मोती?"

"बसा आत्याबाई," ती म्हणाली. तिनं येका शिंपल्याला बोट लावलं आन् अलगद उलटा केला. वरनं ऊन नुस्तं भाजत व्हतं, आन् शिंपल्याखाली बोटभर गारवा! आन् त्या गारव्यात ही गर्दी! लाल दोऱ्याच्या तुकड्यायेवढ्या आळ्या, तांदळायेवढ्या गोगलगायी, येक जळू गुंडाळी करून पडलेली. येक खेकड्याचं पिल्लू तर नांग्या उगारून माझ्याच अंगावर आलं.

"आगं बया! ही समदी हितं काय करत्यात?"

"राहतात. शिंपले आहेत म्हणून राहतात. शिंपले काढून टाकले तर ही जागा दोन दिवसांत कोरडी ठक्क होईल, आणि यातलं एकही जगणार नाही."

मग तिनं मला येका शिंपल्यावरचा खरबरीत हिरवट थर दावला. म्हणाली, हा पण प्राणी आहे, स्पंज. म्या म्हणलं, थापा मार. तिनं देवाची शप्पथ घेतली. तो पाणी आटलं की मरतो, पण मरायच्या आधी बारीक बारीक दाणे करून ठेवतो, आन् पाणी आलं की त्या दाण्यातनं पुन्यांदा उगवतो. बियाणं राखून ठेवणारा प्राणी! मी आपली बघतच बसले.

"आन् शिंपल्यांची पोरं? ती कशी व्हत्यात?"

"पिल्लं अगदी बारीक असतात. पाण्यात सोडली की ती माशांच्या कल्ल्यांना चिकटतात. मासा जिकडं जाईल तिकडं जातात, आणि मोठी झाली की गाळात उतरतात."

"म्हंजी फुकटात यष्टी!" म्या म्हणलं, आन् आमी दोघी हसलो. भिगवणच्या बाजारात इतकी वर्सं मासळी घेतली, साफ केली, कल्ले उपटून मांजरापुढं टाकले. त्यात कुणाची लेकरं परवासाला निघाली असतील, हे कधी ध्यानात आलं न्हाय.

पण तिचं खरं कोडं येगळं व्हतं. हे वरचे पांढरे शिंपले म्हंजी मेलेल्यांची टरफलं. मग जित्ते कुठं जात्यात? पाणी हटलं की समदे मरत्यात, आन् पाण्याबरूबर दुसरे येत्यात? का हितंच कुठं दबा धरून बसत्यात? तिच्या कॉलेजातल्या राजलक्ष्मी मॅडम समुद्राकडं असल्या शिंपल्यांवर शिकून आलेल्या. तिकडं खडकांवर शिंपल्यांचे ताटवे असत्यात. पाणी दिवसातनं दोनदा जातं आन् दोनदा येतं. पाणी गेलं की शिंपले तोंड गच्च मिटून बसत्यात, आन् त्यांच्या फटीत खेकडे, किडे, गोगलगायी दम धरून बसत्यात.

"ते सहा तास दम धरतात, आत्याबाई," रेश्मा म्हणाली. "आपल्याकडं पाणी वर्षातून एकदाच जातं आणि एकदाच येतं. इथले पाच महिने दम धरतात का, तेच मला बघायचंय."

"म्हंजी आपल्याकडं वर्साला येकच ओहोटी म्हण की."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "हे मी प्रबंधात घालणार," म्हणाली. मला बाई लई बरं वाटलं. त्या दिशी म्या कालवणात मीठ दोनदा घातलं.

तिचं ठरलं व्हतं असं, की पावसाळ्यात पाणी माघारी येईपतोर त्या चौकोनांना कुणी बोट लावायचं न्हाय, आन् मग बघायचं कोण उरलंय. आमाला तिनं बजावून ठेवलं, "आबा, आत शेरडू जाऊ देऊ नका. कुणाचा पाय पडू देऊ नका. काही उचलू नका." आमी व्हय म्हणलं. पाणी देऊ नका, असं काय ती बोलली न्हाय. बोलंल कशाला? खडकाला कोण पाणी देतं?

एप्रिलात तिची लेखी परीक्षा आली. जाऊन-येऊन अभ्यास व्हईना म्हणून ती बारामतीला मावशीकडं आठ दिस राहिली. ऊन असं, की कावळा आ वासून बसावा. मालक रोज कलिंगडाला पाणी द्यायला खाली जात. आता ह्या माणसाचा सोभाव तुमाला सांगते. ह्याला सुकलेलं काय बघवत न्हाय. रस्त्याच्या कडंचं रानटी झाड सुकलं तर तांब्याभर पाणी ओतून येईल. आमचं लग्न झालं तवा मी माहेरच्या आठवणीनं रडत बसायची, तर हा गडी काय बोलायचा न्हाय, पाण्याचा तांब्या आणून फुडं ठेवायचा. प्रेम करायची दुसरी तऱ्हा त्याला ठावंच न्हाय.

तिसऱ्या का चवथ्या दिशी मी भाकरी घेऊन खाली गेले. बघते तर काय, कलिंगडाजवळच्या त्या तीन चौकोनांचे झकास वाफे झालेले! चारी बाजूंनी बांध, आत पाणी डबडबलेलं. वरचे मेलेले शिंपले, उचलू नका म्हणलेलं इसरून, कचरा म्हणून येचून बांधावर वळीनं रचून ठेवलेले. मोटारीचा पाईप आणून सोडला व्हता. आन् मालक बांधावर बसलेले, नव्या जावयावाणी तोंड करून.

"आवं, हे काय केलंसा?"

"सुनबाईचे शिंपले वाळाय लागले व्हते. ती तिकडं परीक्षेत. आपण बघत बसायचं व्हय? पाणी दिलं. पल्याडच्या तिन्हींला पाईप पुरंना, त्यांना उद्या बघू."

"तिला इचारायचं तरी!"

"पाणी द्यायला काय इचारायचं? तू इकडं ये, बघ तर."

मी वाकून बघितलं. आन् कशाला खोटं बोलू, माझा राग तितंच इरघळला. गाळातनं शिंपले वर येत व्हते! जित्ते! काळपट हिरवे, तळहातायेवढे. दोन फाका किलकिल्या झाल्या आन् मधनं पांढरी मऊ जीभ बाहेर आली. ती जीभ गाळात रुतवून तो जीव पुढं सरकायला लागला. मागं बारीक रेघ. येक, दुसरा, तिसरा. इतकी वर्सं ज्याला शिव्या दिल्या त्या खडकात हे असले जीव झोपले व्हते!

"बघितलंस? जगवले का न्हाय?" मालक म्हणाले. त्यांच्या डोळ्यात पाणी व्हतं. मीबी म्हणलं, जगवले बाई खरं. पोरगी आली की केवढी हरकंल.

दुसऱ्या दिशी बगळे आले. पाणी बोटभर, तोंडं उघडी, त्यांचं काय, पंगतच बसली. मालकांनी हाकलले. दुपारी वाफ्यातलं पाणी हाताला चटका बसंल असं तापलं. वरचं टरफलांचं पांघरूण तर मालकांनीच काढलेलं. संध्याकाळपतोर पाणी जिरलं आन् शिंपले उघड्या गाळात तसेच पडले, अर्धे बाहेर. मालकांनी पुन्यांदा पाणी सोडलं. त्यानं आणखीन वर आले. मग वास सुटला. मालक म्हणाले, जरा हवा पालटली की व्हतील नीट. पण पल्याडच्या चौकोनांना पाईप जोडायचं त्यांनी पुन्यांदा नाव काढलं न्हाय. त्यांना कळलं व्हतं. फकस्त कबूल व्हत न्हवतं.

रेश्मा आली ती पिशवी टाकून थेट खाली गेली. मी मागनं. वाफे बघितले, बांधावरची टरफलांची वळ बघितली. वाफ्यातले शिंपले आ वासलेले, आत माशा घोंगावत व्हत्या. ती खाली बसली. त्या आळ्या, त्या गोगलगायी, ते खेकड्याचं पिल्लू, काय म्हणता काय राहिलं न्हवतं. मालक काठीला टेकून उभे.

"आबा, हे कुणी केलं?"

"म्या. पोरी, ते मरत व्हते."

"ते मरत नव्हते!" असला आवाज त्या पोरीच्या तोंडनं म्या कधी ऐकला न्हवता. "ते थांबले होते, आबा! ते थांबले होते! तुम्ही माझं वर्ष बुडवलं."

मालकांनी काठी उचलली आन् घराकडं चालायला लागले. त्यांना येवढं वाकून चालताना म्या पहिल्यांदा बघितलं.

रातच्याला कुणी धड जेवलं न्हाय. दीपक म्हणाला, "आबांनी चांगल्यासाठीच केलं ना गं." म्या त्याला असा झापला, की बिचारा ताट घेऊन ओट्यावर गेला. दुसऱ्या दिशीबी तेच. सासरा येका खोलीत भिंतीकडं तोंड करून, सून दुसऱ्या खोलीत. आन् मी मधी, भाकऱ्या थापायला! दुपारी माझं डोकं फिरलं. भाकरी तव्यावर तशीच टाकली, खुरपं उचललं आन् रेश्माच्या म्होरं जाऊन उभी राहिले.

"ऊठ."

"आत्याबाई, आता काही उपयोग नाही."

"उपेग न्हाय तर न्हाय. मला बघायचंय. पल्याडचे तीन कोरडेच हायेत ना? त्यात काय हाय? मेले असले तर दोघी मिळून रडू. पण न बघता रडायचं, ही कुठली शाळा?"

ती उठली. चौकोनाच्या आत हात लावायचा न्हाय म्हणाली, म्हणून आमी सुतळीच्या बाहीर वीतभर अंतरावर खणायला बसलो. वरची टरफलं हळूच बाजूला केली. खालचा गाळ भेगाळलेला, खुरपं ठणाठणा वाजायचं. मग येका हाताच्या खाली ओल लागली. कलिंगडाला आमी मल्चिंगचा कागद टाकतो ना, त्याच्याखाली जशी ओल राहती, तशी. मेलेल्यांच्या टरफलांनी खालच्यांना सावली धरली व्हती.

आन् मग खुरप्याला टणक लागलं. रेश्मानं खुरपं टाकलं, बोटांनी उकरलं. येक शिंपला. गच्च मिटलेला. फाकात नख जाईना. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्याखाली तिसरा, समदे चिखलात उभे, दाटीवाटीनं. आन् त्यांच्या मधल्या फटीत त्याच लाल आळ्या, वेटोळं करून. गोगलगायी दार लावून.

"जित्ते हायेत का गं?"

"बघू," ती म्हणाली.

आमी दोनच शिंपले घरी आणले. परातीत माठातलं गार पाणी घातलं, त्यात ठेवले आन् दोघी म्होरं बसलो. काय व्हईना. तव्यावरची भाकरी कवाच जळून कोळसा झालेली, तानूबाई चहाला दूध मागायला येऊन गेली, तरी काय व्हईना. मी मनात म्हणत व्हते, उघड की रं बाबा, आता किती भाव खाशील! आन् मग येकाची फाक केसभर उघडली. थांबली. आणखीन जरा. पांढरी जीभ बाहीर आली आन् परातीच्या तळाला चाचपडाय लागली.

रेश्मानं तोंडावर हात धरला. "त्यांना पाण्याची चाहूल लागली की ते उठतात," ती म्हणाली, जणू आपल्याशीच. "आबांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं, धरण परत आलं. म्हणून ते वर आले."

मागनं आवाज आला. मालक दारात उभे व्हते, कवापासनं कोण जाणे.

"म्हंजी म्या त्यांना खोटं सांगितलं," ते म्हणाले.

रेश्मानं सरकून परातीजवळ जागा केली, आन् मालक येऊन बसले. तिघं बसून बघत राहिलो.

तिनं राजलक्ष्मी मॅडमना फोन लावला, आमाला ऐकू येईल असा. मॅडमनी समदं इचारून घेतलं. मग म्हणाल्या, पाणी दिलं आणि टरफलंही काढली, दोन्ही एकदम झालं, त्यामुळं नक्की कशानं मेले ते सांगता येणार नाही. त्या तिन्हींवर निष्कर्ष काढता येणार नाही. "पण तुझे तीन चौकोन शिल्लक आहेत, रेश्मा. धरणाचं पाणी येईपर्यंत ते टिकले तर प्रबंध होईल. नाही टिकले तर मी काही करू शकणार नाही."

त्या दिसापासनं मालक राखणीला बसले. कलिंगडं निघाली, कांदा काढून झाला, गाळपेरीत काम उरलं न्हाय, तरी हा माणूस सकाळी उठून खाली. येड्या बाभळीच्या सावलीला बसायचा. शेरडं हाकलायचा. कोळ्यांची माणसं होडी वढत तिकडनं निघाली तर लांबनं वळसा घालायला लावायचा. पाण्याच्या मोटारीचा पाईप त्यानं गुंडाळून वर घरी आणून ठेवला. म्या इचारलं तर म्हणाला, "हात शिवशिवत्यात गं. जवळ नगंच."

मे सरता सरता येका दुपारी आभाळ भरून आलं. वळीव. इजा कडाडायला लागल्या, वारं सुटलं. मी घराकडनं बघते तर मालक वर धावत आले, कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री खसकन वढली आन् खांद्यावर टाकून खाली पळाले!

"आवं, कांदा!" मी वरडले. "भिजंल की समदा!" पण ऐकतोय कोण? मी मागं, माझ्या मागं रेश्मा.

खाली चौकोनांजवळ ते उभे व्हते. ताडपत्रीचं येक टोक हातात, दुसरं वाऱ्यानं फडफडतंय. म्या म्हणलं झालं, आता हा पुन्यांदा आपल्या मनानं करणार, आन् पुन्यांदा घरात दोन दिस कुणी धड जेवायचं न्हाय. पण त्यांनी पसरली न्हाय. रेश्माची वाट बघत व्हते.

"पोरी," ते वरडून म्हणाले, वाऱ्यात ऐकू जाईना म्हणून. "ह्या पावसालाबी ते फसतील! झाकू का नगं? तू सांगशील तसं!"

ह्या माणसानं मला कधी इचारलं न्हाय, ऊस लावू का कांदा. पोराला इचारलं न्हाय. बापाला इचारलं असंल का, शंका हाय. आन् सुनंला इचारत व्हता, भर वाऱ्यात, ताडपत्री धरून.

रेश्मानं आभाळाकडं बघितलं, उताराकडं बघितलं. "नका झाकू, आबा!" ती म्हणाली. "वळीव दरसाल पडतो. पाणी उतारावरनं वाहून जाईल, साचणार नाही. त्यांना फरक कळत असेल."

"आन् न्हाय कळला तर?"

"तर तेही आपल्याला कळेल."

पाऊस आला. मालकांनी ताडपत्रीची घडी केली, छातीशी धरली आन् त्या चौकोनांकडं बघत भिजत उभे राहिले. पाणी द्यायचं न्हाय, झाकायचं न्हाय, काय म्हणता कायच करायचं न्हाय. मला लई माया आली. तरीबी म्या म्हणलं, "शिंपले भिजले ते भिजले, आता माझा कांदा तरी झाका, मेल्यांनो!" मग तिघं वर पळालो. निम्मा कांदा भिजलाच. तो आमी आठवडाभर पसरून वाळवला, आन् मी रोज पसरताना दोघांना शिव्या दिल्या.

पावसाळा आला. आमच्याकडं जेमतेम भुरभुर, पण वर पुण्याकडं जोराचा झाला आन् उजनी चढायला लागली. पाणी रोज थोडं थोडं गाळपेर खात वर आलं. मालक सकाळी पाण्याच्या कडंला काठी रोवायचे आन् संध्याकाळी काठी किती बुडली ते येऊन रेश्माला सांगायचे. तिच्या प्रबंधाची मुदत गणपतीपतोर. ती रातंदिस लिवत बसली व्हती, पण शेवटचं पान कोरं. ते पान खडकावर व्हतं.

ज्या दिशी पाणी चौकोनांवर चढलं त्या दिशी तिनं कुणाला जवळ जाऊ दिलं न्हाय. गाळ बसू द्या म्हणाली. दुसऱ्या दिशी सकाळी आमी तिघं गेलो. मालक काठावरच थांबले. फुडं यायचं धाडस व्हईना. रेश्मा घोटाभर पाण्यात उतरली, वाकली, आन् तशीच राहिली.

"काय गं?" म्या म्हणलं. "बोल की! जीव टांगणीला लागलाय हितं!"

ती वळली. रडत व्हती आन् हसत व्हती. "आत्याबाई, या! बघा!"

मी लुगडं खोचलं आन् उतरले. निवळशंख पाण्यात शिंपले गाळातनं वर आले व्हते. तिन्ही चौकोनांत. समदे न्हाय, काही वरच येऊ शकले न्हवते, पण बहुतेक. जिभा काढून चालत व्हते, मागं रेघा सोडत. दगडाच्या फटीतनं खेकड्यांची पिल्लं तुरुतुरु बाहीर पडत व्हती. जिकडं बघावं तिकडं हलत व्हतं. पाच महिने माझ्या पायाखाली हे समदं गप बसलं व्हतं.

रेश्मानं येक शिंपला उचलला, काठावर गेली आन् मालकांच्या तळहातावर ठेवला. तो आधी मिटला. मालक हलले न्हाईत. मग हळूच उघडला, आन् त्याची जीभ मालकांच्या घट्टे पडलेल्या हाताला चाचपायला लागली.

"ह्यो... माझ्यातला हाय का? पाणी दिलेल्यातला?"

मला वाटलं, ती व्हय म्हणंल. म्हातारा माणूस, येक खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

"नाही, आबा," ती म्हणाली. "त्यातला एकही राहिला नाही."

मालकांनी मान हलवली. मग स्वतः पाण्यात उतरले, वाकले आन् तो शिंपला दगडाजवळ ठेवला, उताणा पडणार न्हाय असा.

वर येताना रेश्मा म्हणाली, "आबा, त्या वाफ्यांबद्दलही मला लिहावं लागेल. काही सिद्ध होत नाही त्यानं, पण घडलं ते लिहायचं असतं. एका शेतकऱ्याने पाणी दिलं, असं लिहिते. नाव नाही घालत."

मालक थांबले. "का? नाव घाल. गेणबानं पाणी दिलं आन् मारले, आसंच लिव."

"आबा, कशाला?"

"आगं, नाव न्हाय घातलं तर वाचणाऱ्याला वाटंल, असंल कोण तरी येडा. नाव घातलं तर कळंल, माया करणारा माणूसबी आसं करतो. मग दुसरा कोण देणार न्हाय."

मला तितंच झापायचं व्हतं त्यांना. म्हणायचं व्हतं, जन्मात येकदा तुमचं नाव छापून येणार, ते बी असल्या कामाला! तोंड उघडलं बी. पण मग तशीच घरी गेले, पाण्याचा तांब्या भरला आन् आणून त्यांच्या फुडं ठेवला.